पाण्याखालच्या वावराचा मालक

डिंभ्याच्या धरणाचं पाणी फाल्गुनात मागं सरतं आणि खालून आमचं जुनं वावर वर येतं. लहानपणापासून बघते आहे, तरी दरवर्षी अंगावर काटा येतो. आधी बांधाचे दगड दिसतात, मग आंब्याचा काळा खुंट, मग मऊ गाळाची अख्खी पट्टी. धरणासाठी सरकारनं ती जमीन केव्हाच घेतली. पण पाणी उतरलं की त्या गाळात पेरता येतं. फक्त दरसाल पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. माझे वडील, आप्पा, दरवर्षी अर्ज करायचे आणि दरवर्षी घरी येऊन चिडायचे. "वावर आपल्याच बापाचं, अन् पेरू का म्हनून आपनच इचारायचं!"

दिवाळीला नारायणगावाहून माहेरी गेले तेव्हा मी त्यांच्या फोनवर ते एआय घालून दिलं. आपण बोललं की ते बोलतं. आप्पांनी आधी पावसाचं विचारलं, मग म्हशीच्या खोकल्याचं. मग हळूच म्हणाले, "आमचं एक वावर हाये. बापजाद्यापासनं आमीच कसतोय, कुनी कधी अडवलं न्हाई. तरी सरकारात अर्ज कशाला करायचा?"

मी तोंडात बोटच घातलं, कारण त्या यंत्राला आप्पांची बोली कळली. पुण्याच्या माझ्या जावेला ती अजून धड कळत नाही. क्षणात उत्तर आलं, तेही बड्या वकिलाच्या घोटीव मराठीत: "इतक्या वर्षांच्या अखंड ताब्यामुळे त्या जमिनीवर तुमचा मालकी हक्क तयार झाला आहे. अर्ज करू नका. अर्ज केलात तर दुसऱ्याची मालकी तुम्ही मान्य केली असा अर्थ होईल." वर कायद्याची कलमंही सांगितली.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. वावर तुमचं आहे, हे एवढंच ऐकायला ते जन्मभर थांबले होते. त्यांचे डोळे भरून आले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथं तर पायरी न चढताच निकाल लागला होता. मलाही देव पावल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या साली आप्पांनी अर्ज केला नाही.

फाल्गुनात पाणी उतरलं. आप्पा बाजरीचं बियाणं घेऊन गेले, तर गाळात दुसऱ्याचा ट्रॅक्टर फिरत होता. आमच्या शेजारीच ज्याचं वावर बुडालं, त्या भाऊबंदानं अर्ज केला होता आणि परवानगी त्याला मिळाली होती. त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून? कचेरीतही सांगितलं, ज्याचा अर्ज त्यालाच परवानगी. आप्पांनी पेरलं नाही असा तो पहिलाच उन्हाळा.

कळल्यावर मी मिळेल त्या गाडीनं आले. आप्पा काठावर बसले होते. मी त्यांचा फोन घेतला आणि रागानं सगळं सांगितलं: जमीन धरणातली, अर्धं वर्ष पाण्याखाली, सरकारनं घेतलेली, दरसाल परवानगीनं पेरलेली. पुन्हा क्षणात उत्तर आलं. "माफ करा. मग ही जमीन तुमची नाही. परवानगीनं कसलेल्या जमिनीवर असा हक्क तयार होत नाही. अर्ज करायलाच हवा होता."

आवाज तोच, तितकाच गोड. माणूस असता तर 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' म्हणून मी मोकळी झाले असते. इथं ना जीभ, ना टाळा. एवढं सगळं ठाऊक असलेलं आणि कशाचंच ओझं नसलेलं असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. राग विसरून मी त्या काचेकडं नुसती बघत राहिले.

आप्पांनी फोन मागितला. मला वाटलं, आता पाण्यात भिरकावतात. पण त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि घरी आलेल्या पाव्हण्याशी बोलावं तसे समजुतीनं म्हणाले, "एवढं समदं ठावं व्हतं तुला, तर येकदा इचारायचं तरी व्हतं, आजोबा, तुमचं वावर हाये कुठं?"