पालखी नावेतून, बायका पुलावरून

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आपल्या कृष्णाकाठच्या गावात सांगण्यासारखं कधी काही घडलं का. घडलं. पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत, म्हणून लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकात नदीवर पूल झाला. तोवर पलीकडे जायला नावच होती. यात्रेत आमच्या देवाची पालखी नावेतून पलीकडच्या गावी त्याच्या बहिणीला भेटायला जायची. पालखीच्या नावेत बाई बसवायची नाही, असा रिवाज होता आणि त्या दिवशी दुसरी नाव सोडत नसत. बायका अलीकडच्या घाटावर थांबत. समोर गुलाल उडाला की भेट झाली असं समजून हात जोडत.

तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्न होऊन आल्यापासून भेट अशीच पाहिली होती. पूल झाला त्या वर्षी त्यांना मोतीबिंदूने धूसर दिसू लागलं होतं. ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. दिसेनासं होण्याआधी भेट जवळून पाहायची, एवढंच त्या म्हणत.

यात्रेच्या बैठकीत काही तरुणांनी पालखी पुलावरून न्यायचं सुचवलं. म्हातारा नावाडी उसळला, "देव नावंतनंच जाईल. पुलावरनं मेंढरं जात्यात."

"आन् आमी रं?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"आवं काकू, तुमी जावा की मेंढरांसंगं!"

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. "जाऊ की. मेंढरं तुज्या नावंपरास चटाचटा चालत्यात."

यात्रेला पालखी नावेत चढली आणि त्या पुलाकडे वळल्या. मी हात धरला होता. मागे पाहिलं, तर सगळा घाट आमच्या मागून येत होता. नावेच्या आधी आम्ही पोहोचलो. पुरुष उतरले तेव्हा बहिणीच्या पालखीभोवती बायकांचं कडं होतं. "सरका, सरका," कुणी ओरडलं. कुणी सरकलं नाही.

पालख्या समोरासमोर आल्या, दांड्यांना दांड्या टेकल्या, गुलाल-खोबरं उधळलं. सासूबाई हाताच्या अंतरावर होत्या.

"एवढंच हाय व्हय?" त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "मला वाटलं, काय तरी लय आसंल."

घरी आल्यावर मात्र ऑपरेशनचा विषय त्यांनीच काढला. पुढच्या यात्रेआधी त्यांना ते उरकायचं होतं.

पालखी आजही नावेतूनच जाते. बायका पुलावरून जातात, आणि पहिला गुलाल त्याच टाकतात.