अत्तरवाल्याला सोडवताना

“नाना, तुमी मला चोर कावून केलं?” अत्तराची पेटी ओट्यावर ठेवत खाजाभाईनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं.

निजामाच्या राज्यात, दिंद्रुडात बसून मी पुण्याच्या एका मासिकाला डिटेक्टिव्ह कथा लिहायचो. चालू कथेत सावकाराच्या घरी चोरी झाली होती आणि खोलीत अत्तराचा वास मागे राहिला होता. संशय एका अत्तरवाल्यावर. नाव मी बदललं होतं. पण बोलणं, चालणं, गिऱ्हाइकाच्या मनगटावर अत्तराची काडी फिरवून “आता घरला जाऊन वास घ्या” म्हणणं, सगळं खाजाभाईचं. पात्र लक्षात राहायचं तर जिवंत माणसाकडून काहीतरी उचलावंच लागतं.

टपालानं अंक आला की रामभट तो पारावर मोठ्यानं वाचायचे. आधी बातम्या, मग माझी कथा, एकाच सुरात. बातमी कुठं संपली हे ऐकणाऱ्यांना कळायचंच नाही.

“अहो, ती गोष्ट आहे,” मी म्हटलं.

“तुमाला ठाव हाय. बायांना न्हाई. मला बघून दारं लोटून घेत्यात. पेटी विकून माजलगावला हमाली करू का आता?”

मी तडक पुणं गाठलं. एडिटरनी प्रूफावरून मान वर केली नाही.

“चोर अत्तरवालाच. सगळे पुरावे छापून झालेत.”

“तो खोटा माग आहे.” वाचकाची नजर भलतीकडे वळवायला लेखक जो पुरावा पेरतो, त्याला मी खोटा माग म्हणतो.

“मग खरा चोर द्या. छापलेलं अक्षर बदलायचं नाही. उद्या दुपारपर्यंत.”

धर्मशाळेत बसून मी माझेच जुने अंक चाळले. काही सुचेना. मग खाजाभाईलाच डोळ्यांसमोर आणलं. तो स्वतः कधी अत्तर लावत नसे. अत्तर लावलं की धंद्याचं नाक मरतं, म्हणायचा. वास लागायचा गिऱ्हाइकाला. आणि पहिल्याच प्रकरणात सावकाराच्या जावयानं मनगट पुढं केलं होतं. ते मी नुसतं करमणुकीला लिहिलं होतं. जावई चोर ठरला.

“हे आधीपासून ठरवलं होतंत ना?” एडिटर खूश होऊन म्हणाले. मी हो म्हटलं. धंद्यात तेवढं चालतं.

नवा अंक पारावर वाचला गेला. काही दिवसांनी खाजाभाई पुन्हा आला. पेटी भरलेलीच.

“सुटलो, नाना. लोक बोलवून पानी देत्यात, बसा म्हनत्यात.”

“मग?”

“मनगट कुनीच पुढं करंना. अंगाला वास आला तर लोक चोर म्हनतील म्हनत्यात.”

मी कपाळाला हात लावला. मग तोच हात त्याच्यापुढं धरला, भरपूर अत्तर लावून घेतलं आणि घमघमत पारावर रामभटांच्या शेजारी जाऊन बसलो. वाचकानं गोष्ट खरी मानावी म्हणून लेखक जिवाचं रान करतो. त्यानं ती मानली, की निस्तरायलाही लेखकालाच जावं लागतं.