दुसऱ्या डोसनंतरचा गोटा

तमाम पेठवासीयांस कळविण्यात अत्यंत दुःख होते की, त्या गुरुवारी सकाळी माझे तीर्थरूप वारले नाहीत. झालेल्या गैरसोयीबद्दल ते आजही दिलगीर नाहीत.

कसब्यातल्या एकाच घरात राहून आम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नसू. निरोप माझ्या बायकोमार्फत जात. मला लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर झाला तरी पद्धत बदलली नाही. डॉक्टरांनी समजावलं, काहींना केमो ऑपरेशनआधी गाठ लहान करायला देतात, काहींना नंतर उरलंसुरलं साफ करायला. माझ्या आजारात मुख्य उपचार तोच. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी तशाच. पण केसांच्या मुळाशी, तोंडात, आतड्यात, रक्त तयार करणाऱ्या मज्जेतही तशा पेशी असतात. त्यांनाही मार बसतो.

"सूनबाई," तीर्थरूप माझ्यासमोरच बसून म्हणाले, "विचारा त्यांना. भाडेकरू घालवायला गुंड आणलाय, तो मालकाचीच कपाटं फोडतोय, हे दिसतंय का?"

"सांग त्यांना, भाडेकरू निघालाय."

"आणि मालक?"

एक औषध तर सरबतासारखं लालभडक. त्या दिवशी लघवीही लाल झाली. मी मोठ्या कौतुकानं हे जेवताना जाहीर केलं. तीर्थरूप ताट घेऊन आत गेले. पुढे मळमळ, तोंडात फोड, चहाला लोखंडाची चव. माझी बशी न खाता परत गेली की स्वयंपाकघरातून ऐकू येई, "विष ते विष. बंद करा म्हणावं."

दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी फारच उतरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, माणसांत मिसळू नका. ताप आला तर लगेच ॲडमिट व्हायचं आणि तिसरा डोस लांबणार. बायकोनं हे घरात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तीर्थरूपांनी रोजच्या कट्ट्यावर जाणं सोडलं. गुडघे दुखत असतील, असं मी मनाशी म्हटलं.

केस उशीवर पुंजक्यांनी सांडत होते, मिशीही विरळ झाली होती. बायकोनं मशीन फिरवून दोन्ही काढून टाकलं. गुरुवारी सकाळी मी गोटा मिरवत गॅलरीत उन्हाला उभा राहिलो. आजाराचं आम्ही बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. समोरच्या गॅलरीतल्या गृहस्थांनी मला पाहिलं, हात जोडले आणि आत गेले. डोकं आणि मिशी एकदम उतरवलेला मुलगा, चार दिवस न दिसलेला म्हातारा. पेठेला आणखी काय पुरावा हवा?

तासाभरात जिन्यावर आठ माणसं. पुढे समोरचे गृहस्थ, हातात सुतकाच्या घरी नेतात ते पिठलं-भाताचं पातेलं, नाकाला रुमाल, कारण त्यांना सडकून सर्दी झालेली. दार तीर्थरूपांनी उघडलं.

आठही जण एकेक पायरी मागे सरकले. मग गृहस्थ शिंकले.

"माफ करा, आमची जरा समजूत... त्यांनी मिशी काढलेली पाहिली म्हणून."

"केमो चालू आहे त्याची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्यात. शिंका खाली जाऊन."

"अरेरे. मग आता आलोच आहोत तर दोन मिनिटं त्यांना भेटूनच जातो," म्हणत ते उंबऱ्यापर्यंत आले. तीर्थरूपांनी काठी दारात आडवी धरली.

"त्याचा तिसरा डोस तुमच्यामुळे चुकला ना, तर मी स्वतः तुमच्या घरी पिठलं-भात घेऊन येईन."