पाय दाव म्हणणारे गोमाजी मुकादम

माझा पाय वाचवला तो गोमाजी मुकादमांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी घाईनं भलतीकडे जातो आणि मुख्य नाव राहून जातं.

उरणजवळच्या एका मिठागरावर ते मुकादम होते. संध्याकाळी काम सुटलं की गोड्या पाण्याच्या पिंपाशी त्यांच्या येरझारा सुरू. प्रत्येकानं पाय धुवायचे, तळवे वर करून दाखवायचे, मगच सुटका. कुणी "पाय बरा हाय" म्हणालं की म्हणायचे, "तुला कोन इचारतंय? मी टाचंला इचारतो." भेग दिसली की त्या माणसानं खाऱ्या पाण्यात उतरायचं नाही. ती भरेपर्यंत छपरात बसून गोणी शिवायच्या, आणि रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, पूर्ण. आसपासच्या आगरांवर असं नव्हतं. तिथं पाय फुटला की माणूस घरी.

मी घाटावरचा. वडील गेले, शाळा सुटली, आणि गावच्या टोळीबरोबर इथं आलो. मागे आई आणि दोन बहिणी माझ्या मनीऑर्डरीची वाट बघत. जीव सदा टांगणीला, उद्या काम असेल ना? बसून राहिलेल्याला पूर्ण रोज मिळतो, हे मला खरंच वाटेना. शिवाय गोणी शिवणाऱ्याला बाकीचे छळत, "काय रं शिंप्या, माझी बंडीबी घे की."

माझी टाच फुटली तेव्हा आमच्या गावाकडे सगळे करायचे तेच मी केलं. भेगेत राख भरली आणि वर चिंधी आवळली. खारं पाणी चिंधीखाली कोंडून मांस खातं, हे आम्हा कोरड्या रानातल्या लोकांना कुठून कळावं? संध्याकाळी गर्दीत एकच पाय दोनदा पुढे करून निसटू लागलो. ते फार दिवस चाललं नाही.

"घाट्या, देवानं तुला दोनी पाय डावंच दिलं काय रं?"

सगळे हसले. मुकादमांनी खाली बसून स्वतः चिंधी सोडली, आणि मग कुणी हसेना. त्यांनी पाय धुतला, मला बैलगाडीत घातलं आणि उरणच्या दवाखान्यात नेलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. वाटेत मी सारखं एकच विचारत होतो, माझं काम जाईल का.

मी छपरात दाभण चालवत असतानाच मिठागराचे मालक, शेठ आले. बंदरात गलबत भरायचं खोळंबलं होतं आणि इथं माणसं बसलेली. बसणाऱ्यांना यापुढे अर्धा रोज, असं त्यांनी फर्मावलं. माझ्या हातातला दाभण थांबला.

मुकादम शेठसमोरही एका जागी उभे राहिले नाहीत. फेऱ्या घालतच म्हणाले, "अर्धा केलात तर उद्या एकबी मानूस पाय दावनार न्हाय. समदी चिंध्या बांधून उतरतील. मंग मीठ वडाया कोन, तुमी?"

शेठनी हुकूम मागे घेतला. त्या हंगामात रोज पूर्ण राहिला, माझी मनीऑर्डरही चुकली नाही. पण पुढच्या हंगामाला मुकादमांना बोलावणं गेलं नाही. नवा मुकादम आला. पिंप होतं, पाय कुणी पाहत नव्हतं. माझ्याच टोळीतला एक जण त्या वर्षी लंगडत गावी गेला.

मीही मग मुंबईला गोदीत लागलो. आजही दोन पायांवर ओझी वाहतो. मध्यंतरी उरणकडचा एक जण भेटला. गोमाजी आता खाडीकाठच्या आपल्या तुकड्यावर भात लावतात म्हणाला, पण बांध खचलाय, भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि एकट्याच्यानं चिखल ओढवत नाही. ऐकल्यापासून मला चैन नाही. सुट्टी मिळत नाही, मिळाली की घाटावर जावं लागतं.

पण एकदा सुट्टी मी तिकडे नेणार. त्यांनी नको म्हटलं तरी चिखलात उतरणार, आणि तो बांध पुरा केल्याशिवाय वर येणार नाही.