चाळीसच्या मागचं पाणी

टँकरवाल्यांच्या अड्ड्यावर त्याला सगळे 'चाळीस' म्हणत. वयामुळे नव्हे, ते तर केव्हाच ओलांडून झालं होतं, आणि पोट वयाच्याही पुढे निघालं होतं. नाव पडलं होतं काट्यावरून. त्याच्या टँकरचा काटा एकदा चाळीसवर चढला की सोफ्यावर रेललेल्या पाहुण्यासारखा तिथेच मुक्काम ठोकायचा. उतार येवो, वळण येवो, मागच्याने हॉर्नवर हात ठेवून झोपी जावो, चाळीस म्हणजे चाळीस. "काटा हलला नाही ना? मग काहीच झालं नाही," हे त्याचं जगाविषयीचं एकंदर मत होतं.

त्याचा दुसरा अभिमान टाकीच्या आत होता. पाण्याच्या टाकीत मध्ये मध्ये आडवे पत्रे असतात, भोकं पाडलेले. पाणी एकदम सगळं इकडून तिकडे पळू नये म्हणून. पण त्यांच्यामागे शेवाळ साचतं, आणि टाकी धुवायची तर त्या भोकांतून पोटावर सरपटावं लागतं. चाळीस एकदा भोकात अडकला. पोट अलीकडे, डोकं पलीकडे. दोघांनी पाय धरून ओढला तेव्हा बाहेर आला, आणि आल्या आल्या त्याने वेल्डरला बोलावून सगळे पत्रे कापून टाकले. टाकी आतून कशी सभागृहासारखी मोकळी झाली! एका झाडूत स्वच्छ. "कुठल्या शहाण्याने टाकीत भिंती बांधल्या देव जाणे," तो म्हणाला. अड्ड्यावर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली आणि आपापले पत्रे कापून घेतले.

काही बिघडलं नाही. टाकी काठोकाठ भरून निघायची आणि भरल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते.

मग टँकरांच्या मालकाने फर्मान काढलं: अर्धं पाणी टेकडीवरच्या बर्फाच्या कारखान्यात उतरवायचं, उरलेलं खाली रंगाच्या कारखान्यात. मध्ये सरळसोट उतार, आणि उताराच्या टोकाला उजवं वळण. जो वळणार नाही तो सरळ शाळेच्या कुंपणाच्या भिंतीत. भिंत कमरेएवढी, आणि तिला लागूनच एक वर्ग. त्या वर्गात विज्ञान शिकवायची चाळीसची सून.

अर्ध्या टाकीने तो पहिल्यांदा वळला तेव्हा मागून आवाज आला. धप्प. टाकीत कोणीतरी बसलंय आणि त्याने आतून गुद्दा हाणलाय, असा. टँकर एका कुशीवर कलल्यासारखा झाला. चाळीसने काट्याकडे पाहिलं. चाळीस. तो शीळ घालत पुढे गेला. समोर स्प्रिंगवर डुलणारं प्लास्टिकचं कुत्रं होतं, ते मात्र शाळेच्या बाजूला झुकून राहिलं. जणू त्याला तिथे नाव घालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धप्प. तिसऱ्या दिवशीही. त्याने त्या आवाजाचं नाव 'मागचा पाहुणा' ठेवलं आणि रात्री जेवताना गंमत म्हणून सांगितलं. बायको हसली. सुनेचा घास हातातच राहिला.

"बाबा, आतले पत्रे आहेत ना?"

"कापले! केव्हाच! अगं, आता आत नाच करता येतो."

"तुमच्या पोटाला?" बायको म्हणाली.

सून उठली. तिने एक बाटली अर्धी भरली, झाकण घट्ट लावलं, आडवी हातात धरली आणि टेबलाच्या कडेने एका चालीत चालू लागली. कोपऱ्यावर वळली तसं पाणी बाटलीच्या बाहेरच्या अंगाला चढलं.

"मी चाल वाढवली का?"

"नाही."

"कमी केली?"

"नाही गं बाई. पण पाणी का चढलं?"

"त्याला सरळच जायचं होतं. चाल तीच राहिली, दिशा बदलली. नुसतं किती जोरात ते म्हणजे चाल; किती जोरात आणि कुठल्या दिशेने, ते दोन्ही मिळून वेग. दिशा बदलली की वेगही बदलला. आणि वेग बदलण्याला त्वरण म्हणतात."

"त्वरण," चाळीसने तोंडात घोळवून पाहिलं. "पोट साफ होण्याचं औषध वाटतं."

"चेष्टा नको, बाबा. तुमचा काटा फक्त चाल दाखवतो. वळण त्याला दिसतच नाही."

"वीस वर्षं मला दिसतंय ना!"

"अहो, ऐका जरा तिचं," बायको म्हणाली. "तुम्ही सरळ गेलात तर ती तिथे फळ्यापाशी उभी असते."

चाळीसने पाणी न पिताच हात धुतले.

सकाळी अर्धी टाकी घेऊन तो उताराला लागला. पत्रे पुन्हा बसवून घेईपर्यंत वळणावर सावकाश जावं, हे त्याला मनातून पटलं होतं. पण वळणावर ब्रेक लावणं म्हणजे सुनेपुढे हार, आणि तीही तिच्याच खिडकीसमोर! या विचारात अर्धा उतार संपला. खिडकी दिसू लागली. फळा दिसला. फळ्यापाशी तिची पाठ दिसली. तेव्हा त्याने ब्रेक दाबला, आणि घाबरून दाबला.

काटा पटापट खाली आला. तीस. वीस. इतका आज्ञाधारक काटा त्याने कधी पाहिला नव्हता. पण पाण्याला कोणी ब्रेक लावला नव्हता. ते मागून चाळीसनेच येत होतं. धप्प नव्हे, या वेळी धडाम. टँकरला कोणीतरी पाठीत ढकलावं तसा तो पुढे सरकला. चाकं थांबली होती, टायर घासत होते, स्टिअरिंग वळवलेलं होतं आणि टँकर सरळ चालला होता.

बंपर भिंतीला टेकला आणि टँकर थांबला. काटा शून्यावर. खिडकीत पोरं गोळा होऊन हसत होती, टाटा करत होती. चाळीसने श्वास सोडला.

फक्त सून हसत नव्हती. तिने टाकीकडे पाहिलं आणि ती ओरडली, "मागे व्हा! सगळे मागच्या भिंतीला! पळा!"

चाळीसला कळेना. काटा शून्यावर होता. मग त्याला मागून ऐकू आलं: टाकीच्या शेपटाला आपटून पाणी परत फिरलं होतं. सावकाश. मग जोरात.

दुसऱ्या धक्क्याला कुंपणाची भिंत कोसळली, टँकर वर्गाला धडकला आणि खिडकी चौकटीसकट पुढच्या बाकांवर पडली. बाकं रिकामी होती.

त्याच आठवड्यात चाळीसने वेल्डर बोलावला. पत्रे पुन्हा बसले. पोट आत घेऊन तो भोकांतून सरपटत शेवाळ खरवडू लागला, आणि बाहेर येऊन अड्ड्यावर एकेकाला समजावू लागला. "अरे, काटा शून्यावर होता, शून्यावर!" लोक पोट धरून हसले. चाळीस शून्य झाला, म्हणाले. पत्रे पुन्हा बसवायला कोणी तयार होईना. वीस वर्षांत काय झालं होतं?

आता आपली फेरी संपली की तो त्या वळणावर जाऊन उभा राहतो. नव्या भिंतीचं सिमेंट अजून ओलं आहे. आत फळ्यापाशी सून. हातात लाल फडकं घेऊन तो उताराकडे बघत असतो. त्याचं पाहून मोकळ्या झालेल्या टाक्या एकामागून एक खाली येतात, अर्ध्या भरलेल्या. त्या नजरेला पडण्याआधीच त्याच्या कानावर येतं, वर कारखान्याच्या फाटकातून वळतानाचं, धप्प.