माधवीचे कागदोपत्री पालक

जयंतराव टेंबे यांना मी कधी रिकाम्या हातांनी पाहिलं नाही. फाइल नसेल तर वर्तमानपत्राची तरी फाइलसारखी घडी हातात असे. कालवे खात्यात हेडक्लार्क. सुरतेत नानपुऱ्याला चौदा वर्षं आमचे शेजारी होते, पण वाटीभर साखर हवी असली तरी तारीख घालून चिठ्ठी पाठवत. साखर पोचली की त्याच चिठ्ठीवर 'मिळाली' असं लिहून परत. अशा माणसाशी त्यांच्या पत्नीनं, सरलाबाईंनी, संसार कसा केला? त्या कमी बोलत आणि चिठ्ठ्या चुलीत घालत.

मुली दोन, थोरली सुधा आणि धाकटी माधवी. दोघींना शिकायची परवानगी होती. ती केव्हाही मागे घेता येईल, हे मात्र दोघींना पाठ होतं.

पासष्ट साली सुधाला बघायला भुसावळहून मुलाचे वडील आले. पोहे खाल्ले, हात धुतले आणि थेट तिच्या कॉलेजच्या ऑफिसात गेले. तेव्हा तशी पद्धतच होती. तिथले कारकून शालिग्राम हे खानदेशातले, मोठे अगत्यशील. कोणीही 'मी मुलीच्या घरचा' म्हणालं की खुर्ची देत, पाणी देत आणि रजिस्टर उघडून देत. भुसावळचा माणूस म्हटल्यावर तर चहासुद्धा आला. पाहुण्यांनी मार्क पाहिले, हजेरी पाहिली आणि जाता जाता जन्मतारीखही पाहिली. पत्रिकेतल्या सुधापेक्षा रजिस्टरमधली सुधा दोन वर्षांनी मोठी निघाली. स्थळ संध्याकाळच्या गाडीनं परत गेलं.

जयंतराव खवळले. पत्रिका करणाऱ्यावर नाही, कारण ती त्यांनीच करवली होती. खवळले ते रजिस्टरवर.

"परक्या माणसाला माझ्या मुलीची माहिती? कॉलेज आहे की धर्मशाळा?"

तीन पानांची तक्रार आणि चार सहपत्रं गेली. प्रिन्सिपॉलसाहेब शांत स्वभावाचे गुजराती गृहस्थ. दुसऱ्या पानावर त्यांनी हात टेकले आणि शेवटी जोडलेला मसुदा जसाच्या तसा ऑफिसच्या भिंतीवर लावून टाकला: प्रवेशअर्जावर पालक म्हणून ज्याची सही असेल, त्यालाच विद्यार्थ्याच्या नोंदी दाखवाव्यात, अन्य कोणासही, कोणत्याही नात्याने, दाखवू नयेत. 'कोणत्याही नात्याने' हे शब्द जयंतरावांना इतके आवडले होते की त्यांनी मला ते दोनदा वाचून दाखवले. सुधाचं पुढे बडोद्याला झालं, खऱ्या जन्मतारखेवर, आणि काही बिघडलं नाही.

सदुसष्टात त्यांची बदली उकाईच्या धरणावर झाली. पुढच्या जूनमध्ये माधवीनं त्याच कॉलेजात सायन्सला नाव घातलं आणि आमच्या माडीवर राहायला आली. पालक गावातलाच हवा, असं अर्जात छापलेलं होतं. माझे यजमान बँकेच्या कामानं भरुचला गेलेले.

"वहिनी, तुम्हीच करा सही. नुसता रकाना भरायचाय."

कुठे करायची ते त्यांनी मला बोटानं दाखवलं. मी सही केली.

परत जाताना त्यांनी माधवीला ताकीद दिली, एका विषयात जरी गेलीस तरी कॉलेजातून नाव काढीन. त्यासाठी औरंगाबादचं एक स्थळ त्यांनी हाताशी राखून ठेवलं होतं, गाडीला जादा चाक ठेवावं तसं.

ऑगस्टात तापीला पूर आला. आम्ही माणसं वाचवली, भांडी वाचवली. माधवी अभ्यासाला खालच्या खोलीत बसे, तिथल्या तिच्या वह्यांचा लगदा झाला. सहामाहीला रसायनशास्त्रात तिला पन्नासात अकरा पडले. तिनंच सांगितलं, कणीक मळता मळता.

"काकू, वार्षिकला मी काढीन. पण नानांना आत्ता कळलं तर मला वार्षिकला बसूच देणार नाहीत."

मी पालकाच्या हक्कानं जाऊन रजिस्टर पाहून आले. अकराच होते. मी गप्प बसले.

डिसेंबरात जयंतराव पत्र न टाकता सुरतेला आले आणि स्टेशनवरून सरळ कॉलेजात गेले. तिथे काय झालं ते मला नंतर शालिग्रामांनीच सांगितलं, चेहऱ्यावरचा आनंद जमेल तेवढा लपवून.

"माधवी टेंबेचं सहामाहीचं पान काढा."

"अर्जावर सही कोणाची आहे, साहेब?"

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"ते तर दिसतंच आहे ना भो. नाकच सांगतंय. पण भिंतीवर 'कोणत्याही नात्याने' लिहिलंय, त्याला मी काय करू?"

जयंतरावांनी भिंतीकडे पाहिलं. स्वतःच्या भाषेवर आक्षेप घेणं त्यांना जमलं नाही. तासाभरानं ते आमच्या बैठकीत होते आणि फुलस्केपवर मजकूर तयार होता: 'माधवी हिच्या नोंदी तिच्या वडिलांना दाखवण्यास माझी हरकत नाही.'

"वहिनी, सही."

"माझी हरकत नाही हे तुम्हीच ठरवलंत, भाऊजी?"

"मी तिचा बाप आहे."

"हे मला पटतं. पण नोंदी तिच्या आहेत. तिला विचारू." मी माधवीला हाक मारली.

ती दारातच उभी राहिली. कागद वाचला. वडिलांना परत दिला.

"नाना, मार्क माझे आहेत. वार्षिक झाली की मीच पान उघडून दाखवीन. आत्ता काकूंनी सही करू नये."

"म्हणजे गेलीस!"

त्यांचा संशय आता पुरता पक्का होता, पण ज्याचा कागद नाही ती गोष्ट जयंतरावांच्या लेखी घडलेलीच नसे. नाव काढायचं म्हटलं तरी पालकाचा अर्ज लागणार, म्हणजे पुन्हा माझीच सही.

मुलीचा हात धरून तिला दुपारच्या एसटीत बसवायला कोणाचीही सही लागत नव्हती. मी मनात तेवढ्याचीच धास्ती घेऊन बसले होते. तीस वर्षांच्या नोकरीमुळे त्यांना ते सुचलंच नाही, की सुचलं आणि मुलीकडे पाहून त्यांनी ते दडपलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी फुलस्केपची घडी घातली आणि म्हणाले, "मी पालक बदलण्याचा अर्ज करतो."

केला. प्रिन्सिपॉलसाहेबांचं उत्तर महिन्यानं आलं: बदल नव्या वर्षी, जूनपासून, आणि वडिलांपुरती गावातल्या पालकाची अट शिथिल.

एप्रिलमध्ये माधवीनं रसायनशास्त्रात शंभरात अठ्ठावन्न मिळवले. जूनमध्ये तिनं शब्द पाळला. पालक म्हणून सही केलेल्या बापाला ऑफिसात नेलं आणि स्वतः पान उघडलं. जयंतराव तिथून आमच्याकडे आले.

"वहिनी, सहामाहीला अकरा होते."

"हो."

"डिसेंबरात कळलं असतं तर मी नाव काढलं असतं."

"म्हणून तर."

त्यांनी चहा संपवला. 'बरं झालं' वगैरे ते म्हणाले नाहीत. तसली वाक्यं त्यांच्या नमुन्यात नव्हती. औरंगाबादला मात्र त्यांनी नकार कळवला, माझ्यासमोर बसून, जावक क्रमांक घालून.

त्यानंतर बी.एस्सी. होईपर्यंत माधवीला उकाईहून चार कार्डं आली: 'दि. अमुक रोजी नोंदी पाहण्यास येत आहे. सोय आहे किंवा कसे, कळवावे.' दोनदा तिनं 'यावे' असं लिहिलं, दोनदा 'सध्या येऊ नये'. त्या दोन्ही वेळी ते आले नाहीत.