कडेपाशी थांबलेली वेल

चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या परीक्षांपुरता. माझ्या निवृत्तीनंतर लगेचच यजमानांना अर्धांगवायू झाला, आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाई दुपारी येत तेवढाच वेळ माझा उरला. त्या वेळात मी झोपावे असे सर्वांचे मत होते, माझेही होते. तरी सिंहगड रस्त्यावरून बस पकडून मी कॅम्पातल्या एका टाइल रंगवण्याच्या वर्गाला जाऊ लागले. कारण नीट सांगता येणार नाही. तिथे औषधाची वेळ कोणी विचारत नसे, एवढे खरे.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. तुर्कस्तानातल्या जुन्या मशिदींच्या भिंतींवर असतात तशा निळ्या-हिरव्या टाइल्स, ट्यूलिपची फुले, लांब वळणदार पाने हा त्यांचा विषय. नक्षीच्या रेघांवर भोके टोचलेल्या कागदावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटून ती कोऱ्या टाइलवर उतरवायची, मग काळी रेघ, मग रंग, आणि वरून काचेचा पांढरा लेप. लेपाखाली चित्र पूर्ण झाकले जाते. पुन्हा दिसते ते भट्टीतून आल्यावरच.

मॅडमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत, नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेमागची भिंत सजवायचे काम वर्गाकडे आले. भिंतभर फिरणारी एकच वेल आणि प्रत्येकाला तिचा एक तुकडा. माझा मधोमध होता. तो मुद्दाम दिला की चुकून, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पण माझ्या हातचे काही घराबाहेरच्या भिंतीवर राहील, या विचाराने त्या थकल्या दिवसांतही मला बरे वाटत होते.

लेपापूर्वी सगळ्या टाइल्स जमिनीवर जुळवून पाहण्याची रीत होती. त्या दिवशी यजमानांना ताप आला. मी माझी टाइल दुसऱ्या दिवशी पोचवली आणि घाईत ती तशीच लेप लावून भट्टीत गेली.

भाजून आलेल्या टाइल्स मांडल्या, तेव्हा माझ्या चौकोनापाशी वेल तुटलेली दिसली. प्रत्येक रेघ कडेच्या तिळभर अलीकडे थांबली होती, आणि तिचे टोक वळवून नीट बंद केले होते. रांगोळीची रेघ उघडी सोडायची नाही, ही आईची शिस्त. नक्षीतली रेघ कडेबाहेर जाताना दिसत असूनही हाताने तिला आत घेतले होते.

वर्गातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी चष्मा वर सरकवला. "वहिनी, तुमची वेल सोवळ्यात आहे वाटतं. शेजारणीला शिवत नाही."

सगळे हसले. मीही हसल्यासारखे केले.

"काकू, दुसरी कराल?" मॅडमनी विचारले. "गवंडी रविवारी येतोय."

"जमेल का मला?"

"ते तुम्ही सांगायचं. भट्टी मी लावते."

पुढच्या दुपारी घरीच, जेवणाच्या टेबलावर रंगवत बसले. "ताई, जरा पडा की," सांभाळणाऱ्या बाई आतून म्हणत. रेघ कडेवरून बाहेर सोडताना दर वेळी मनगट आखडे. मग थांबायचे, बोटे झटकायची आणि पुन्हा कुंचला टेकवायचा.

दुसऱ्या टाइलची वेल कडेपर्यंत गेली. पण ती टाइल एकटीच भाजली गेली, आच कमीजास्त झाली असावी. तिचा निळा रंग बाकीच्यांहून गडद आला.

रविवारी सांभाळणाऱ्या बाईंना सकाळीच बोलावून मी मशिदीत आले. अंगणात दोन्ही टाइल्स शेजारी ठेवल्या होत्या. भिंतीत एकच जागा उरली होती.

"कुठली बसवू? माल सुकतोय," गवंडी म्हणाला.

"पहिली," इंजिनिअर म्हणाले. "रंग जुळतो. वेल काय, लांबून कोण बघतंय?"

"काकूंना विचारा," मॅडम म्हणाल्या.

अशा वेळी 'तुम्ही म्हणाल ते' असे म्हणत माझे आयुष्य गेले. त्या सकाळी तेवढे म्हणण्याचेही त्राण नव्हते. त्याहून लहान शब्द तोंडात आला.

"दुसरी."

"डाग दिसंल हां, बाई."

"दिसू दे."

त्याने ती दाबली, थापीच्या मुठीने ठोकली, ओल्या फडक्याने पुसली. वेल एका बाजूने आत आली आणि दुसऱ्या बाजूने निघून गेली. चौकोन गडदच राहिला, ठिगळासारखा. माल ओला आहे, हात लावू नका, असे गवंड्याने सर्वांना बजावले. मी पायरीवर बसले. बस गाठायची होती, पण अजून उठवत नव्हते.